नवीन इंडी गायकाची ओळख कशी लिहायची (स्वतःची असली तरी)

स्वतः लिहून स्वतः गाणारी पोरंपोरी आता गल्लोगल्ली आहेत, चांगलंच आहे, पण त्यांचे बायो वाचले की ही सगळी एकाच घरात वाढली की काय असं वाटतं. "लहानपणापासून संगीताची आवड", "मनाला भिडणारा आवाज", "कुठल्याही चौकटीत न बसणारं संगीत". यातलं एक तरी वाक्य वाचून कुणी प्ले दाबलंय का? तर स्वतःचा बायो असो, मित्राचा असो, नाहीतर कॉलेज फेस्टच्या पोस्टसाठी कुणाची चार ओळींची ओळख असो, हे असं करून बघा.

आधी लिहायला बसूच नका. हेडफोन लावून तीन-चार गाणी ऐका आणि कानाला जे ऐकू येतंय तेवढंच कागदावर उतरवा, मत नको. गिटार बोटांनी छेडलीय की पिकने स्ट्रम केलीय? ठेका दादऱ्यासारखा झुलतोय की सरळ चारचा आहे? ड्रम्स कुणी वाजवलेत की लॅपटॉपवर बसवलेत, की नाहीतच? आवाज माइकला चिकटून कुजबुजल्यासारखा आहे की मोकळा लावलेला, वरच्या सुरात पातळ होतो का आणि तो तसाच राहू दिलाय का? शब्द कुठल्या मराठीतले, पुस्तकी की नागपूरचे की मालवणी? ध्रुवपद परत परत येतं की नुसती गोष्ट सांगत कडवी पुढे जातात? आणि गाण्यातली ती "तू" नक्की कोण, प्रेयसी, आई की सोडून आलेलं शहर? एवढं लिहून झालं की स्टाईलचा भाग अर्धा झालाच. नुसतं "इंडी फोक" लिहून थांबलात तर वाचणाऱ्याच्या कानात काहीच वाजत नाही.

आता बॅकग्राउंड. इथे लोक अख्खा बायोडेटा ओततात. माझा नियम सोपा आहे, आयुष्यातली जी गोष्ट गाण्यात ऐकू येते तीच ठेवायची, बाकी मुलाखतीत सांगा. प्रतीक कुहाडचं उदाहरण घ्या, आता तो नवखा राहिला नाही पण त्याची ओळख कशी करून देतात हे बघण्यासारखं आहे. जयपूरचा मुलगा, न्यू यॉर्क युनिव्हर्सिटीत गणित आणि अर्थशास्त्र शिकला, थोडे दिवस कन्सल्टिंगची नोकरी केली, मग दिल्लीत येऊन गायला लागला, २०१५ ला 'इन टोकन्स अँड चार्म्स' हा अल्बम, २०१८ ला 'कोल्ड/मेस' हा छोटा अल्बम (ईपी), आणि त्यातलं त्याच नावाचं गाणं २०१९ च्या शेवटी बराक ओबामांच्या आवडत्या गाण्यांच्या यादीत. सगळे ओबामापासूनच सुरुवात करतात. ती बातमी झाली हो, त्यातून गाणं कसं आहे ते कुठे कळतं? त्यापेक्षा तो हिंदी आणि इंग्रजी दोन्हीत लिहितो, अकूस्टिक गिटारवर हळू आवाजात गातो आणि एलियट स्मिथ या अमेरिकन गायक-गीतकाराचा प्रभाव स्वतःच सांगतो, एवढ्यावर ऐकणाऱ्याला अंदाज येतो. ओबामा शेवटच्या ओळीत टाका, कारण आयोजक ते बघतातच.

आपल्याकडच्या मुलांचं पण तसंच. गांधर्व महाविद्यालयाच्या शास्त्रीय संगीताच्या परीक्षा मध्यमापर्यंत दिल्या असतील तर छान, पण गाण्यात एखादी मींड किंवा हरकत येत असेल तरच लिहा. पुण्यात फिरोदिया करंडकाला (आंतरमहाविद्यालयीन नाट्यस्पर्धा) कॉलेजच्या टीममध्ये लाइव्ह संगीत केलं असेल तर ते बऱ्याचदा ऐकू येतं, गाण्यात मधेच नाटक घुसतं, ते जरूर लिहा. शाळेच्या गॅदरिंगमधलं पहिलं बक्षीस मात्र आईला आठवू दे.

समजा मिरजेची एखादी मुलगी आहे (खरी कुणी नाही, नमुना म्हणून), तर मी असं लिहीन:

"मिरजेची. मराठीत लिहिते, मधेच दख्खनीतला एखादा शब्द येतो. नायलॉनच्या तारांची गिटार, तिच्याखाली सतत तंबोरा, ड्रम्स जवळजवळ नाहीत. आजोबा तंबोरे बनवायचे, जवारी काढतानाचा आवाज घरात कायम असायचा आणि पहिल्या गाण्याची सुरुवात त्याच आवाजाने होते. गाणी बहुतेक एसटी स्टँड, हॉस्टेल आणि न केलेल्या फोनबद्दल."

यात "सुंदर" नाही, "भावस्पर्शी" नाही, तरी ऐकावंसं वाटतं की नाही?

तुलनेचं थोडं सांभाळून. एक किंवा दोन नावं, त्यापुढे नको, आणि नेमकं काय सारखं आहे तेही सांगा, गिटार की शब्द की आवाज. "अमुकचा मराठी अवतार" असलं काही लिहू नका, त्यात बिचाऱ्याचं स्वतःचं काहीच उरत नाही आणि अमुकचे फॅन कमेंटमध्ये भांडायला येतात ते वेगळंच.

लांबीचं म्हणाल तर तीन साईज करून ठेवा. एक ओळ इन्स्टासाठी, चार-पाच ओळी गिगच्या पोस्टरवाल्यांसाठी, आणि एक मोठी. स्पॉटिफायच्या आर्टिस्ट प्रोफाइलवर बायोला १५०० कॅरॅक्टर्सची मर्यादा आहे, आणि नवीन गाणं प्लेलिस्टसाठी पिच करताना, म्हणजे स्पॉटिफायच्या संपादकांना सुचवताना, फक्त ५०० मिळतात. देवनागरीत काना-मात्रा बहुतेक ठिकाणी वेगळे मोजले जातात त्यामुळे जागा वाटते त्यापेक्षा लवकर संपते, म्हणून आधीच छोटं लिहा. पिच रिलीजच्या निदान ७ दिवस आधी जायला हवं, तरच ते गाणं फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्ये (नवीन गाण्यांची प्रत्येकाची वेगळी प्लेलिस्ट) नक्की जातं, आणि बायो अडलाय म्हणून पिच राहिला असं बरेचदा होतं.

शेवटी दोन किरकोळ कामं, जी कुणीच करत नाही. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा, नाहीतर एकाच माणसाची दोन प्रोफाइल तयार होतात आणि ती एकत्र करता करता जीव जातो. आणि गाणं कुणी मिक्स केलं, तंबोरा कुणी वाजवला, ती नावं क्रेडिट्समध्ये टाका, त्या लोकांना पुढचं काम बऱ्याचदा तिथूनच मिळतं.