एअरलाइनचं कार्ड की साधं रिवॉर्ड कार्ड? आधी आपली तिकिटं मोजा

क्रेडिट कार्डवाल्यांचा फोन आला की पहिलं फुकट तिकिटाचंच बोलतात, तर हो म्हणायच्या आधी गेल्या बारा महिन्यांत घरातले सगळे मिळून विमानाने किती वेळा गेलात आणि कुठल्या कंपनीने, ते मोबाईलमधले मेसेज बघून कागदावर लिहून काढा. आमच्या कुडाळच्या घराचं लिहिलं तर गोव्याच्या मोपा विमानतळावरून मुंबईच्या दोनच फेऱ्या निघाल्या, त्याही वेगवेगळ्या कंपन्यांच्या, बाकी गणपती, मे महिना, लग्नकार्य सगळं कोकणकन्या नाहीतर मांडवी रेल्वेने. आपल्या सिंधुदुर्गातलं चिपी विमानतळ 2021 ला सुरू झालं, मोपा 2023 ला, पण चिपीची मुंबई फ्लाइट मध्ये बंदच पडली होती, मग ज्याचे पॉइंट एकाच विमान कंपनीच्या तिकिटांना लागतात असं एअरलाइन कार्ड घेऊन, त्या कंपनीला बांधून घेऊन करायचं काय?

आता हिशोब. पॉइंट किती मिळतात ते सोडा, एका पॉइंटचे पैसे किती होतात ते विचारा. समजा साध्या कार्डावर 100 रुपयांना 2 पॉइंट आणि एक पॉइंट 25 पैशांचा, म्हणजे 3 लाख खर्चावर वर्षाला 1500 रुपये. फी 500 असेल तर 18 टक्के जीएसटी धरून 590 जातात, हातात राहिले 910. एअरलाइन कार्डाचंही असंच मांडा, आणि फुकट तिकिटावर टॅक्स आपल्यालाच भरावा लागतो का ते नक्की विचारा, बऱ्याचदा लागतो. पेट्रोल, घरभाडं, वॉलेट यांवर पॉइंट आहेत का तेही बघा, अनेक कार्डांवर नसतात.

दुसरं म्हणजे कंपनी राहिली तर पॉइंट. जेट 2019 ला बंद पडली, विस्तारा नोव्हेंबर 2024 ला एअर इंडियात गेली.

पण रत्नागिरी, दापोलीकडे ज्यांच्या घरचं माणूस आखातात आहे आणि वर्षाला तीन-चार वेळा त्याच कंपनीने जा-ये होते, त्यांनी एअरलाइन कार्ड जरूर बघावं, जास्तीचं सामान किंवा मोफत सीट मिळत असेल तर त्याचेही पैसे धरावेत. फक्त तिकडे दुकानात ते कार्ड वापरलं तर फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परदेशी चलनातल्या खर्चावर बँकेचा जादा आकार लागतो, बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के, त्यात पॉइंटची कमाई साफ जाते.

माझं मत विचाराल तर आपल्याकडच्या बहुतेक घरांना साधंच कार्ड बरं, रुपे असेल तर यूपीआयवरही चालतं. मासळी बाजारात मावशीचा क्यूआर पर्सनल खात्याचा असेल तर मात्र नाही चालत, तो दुकानाचा लागतो. आणि कुठलंही घ्या, बिल पूर्ण भरा, कळकळीने सांगतोय, महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागलं की वर्षभराचे पॉइंट एकाच बिलात जातात.

पहिलं वर्ष फुकट असेल तर फी लागायच्या महिनाभर आधीचा रिमाइंडर लावून ठेवा आणि तेव्हा परत तिकिटं मोजा. जमत नसेल तर थकबाकी भरून बंद करायला लेखी कळवा, रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 7 कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर बँकेने दिवसाला 500 रुपये द्यायचे.