तयार गेमिंग पीसी अपग्रेड करताना या चुका टाळा

तयार गेमिंग पीसीच्या जाहिरातीत दोनच नावं ठळक असतात, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड. गिऱ्हाईक त्या दोन नावांकडे बघून पैसे मोजतं, हे बनवणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. मग काटकसर होते ती जिथे कोणी बघत नाही तिथे: एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज देणारा पॉवर सप्लाय), मदरबोर्ड, कूलर, रॅम आणि कॅबिनेटचं पुढचं पॅनल. पुढे गेम अडखळायला लागले की मालकही तीच दोन नावं धरून बसतो. नवं ग्राफिक्स कार्ड आणतो आणि त्याच कमकुवत सांगाड्यात बसवतो. नवं कार्ड जास्त वीज मागतं आणि जास्त उष्णता सोडतं, आणि नेमक्या याच दोन बाबतींत तो सांगाडा लंगडा असतो. म्हणून खाली कार्डाची पाळी बऱ्याच उशिरा येते.

न मोजता खरेदी

आधी एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालू करून नेहमीचा गेम अर्धा तास खेळा आणि मग आकडे बघा. ग्राफिक्स कार्डाचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल आणि तरी फ्रेम कमी पडत असतील, तर कार्डच कमी पडतंय. वापर ५०-६० टक्क्यांवर अडकला असेल, तर प्रोसेसर किंवा रॅम त्याला थांबवून ठेवते आहे. अर्थात व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) किंवा फ्रेमची मर्यादा चालू असेल तर हा निष्कर्ष काढू नका. आणखी एक फसवा आकडा म्हणजे प्रोसेसरचा एकूण वापर. तो ३० टक्के दिसला म्हणून प्रोसेसर मोकळा आहे असं नसतं. गेमचा मुख्य भार एक-दोन कोअरवर असतो आणि ते पूर्ण भरलेले असू शकतात. कोअर सुटे बघा.

तापमानाबरोबर प्रोसेसर किती वॅट घेतोय तेही बघा. आय७-१२७०० चं उदाहरण घ्या. इंटेलच्या कागदावर त्याची मूळ वीज ६५ वॅट आणि टर्बोची कमाल १८० वॅट आहे. साध्या मदरबोर्डावर तो सुरुवातीला जोरात धावतो आणि थोड्याच वेळात ६५ वर येऊन बसतो. प्रोसेसर खराब नाही, कूलरखालची थर्मल पेस्टही वाळलेली नाही, बोर्डाने घातलेली मर्यादा आहे ती. अशा वेळी महागडा कूलर बसवून काहीही हाती लागत नाही.

फुकटात सुटणाऱ्या गोष्टी सोडून देणं

मॉनिटरची केबल मदरबोर्डाच्या एचडीएमआयला लावलेली असते, ग्राफिक्स कार्डाला नाही. हसू येईल, पण हे फार वेळा घडतं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असतो त्यांत अंतर्गत ग्राफिक्स नसतं, म्हणून तिथे डिस्प्लेच येत नाही आणि चूक लगेच पकडली जाते. अंतर्गत ग्राफिक्स असलेल्यांवर पीसी मुकाट चालत राहतो, फक्त गेम रडत चालतात. तसंच १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये ६० वर ठेवलेला असतो. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन एकदा खात्री करा.

रॅमची गोष्ट जरा मोठी आहे. १६ जीबी लिहिलेलं असतं, पण ती ८-८ च्या दोन स्टिक असतात की १६ ची एकच, हे लिहिलेलं नसतं. डीडीआर४-३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी माहिती पुरवते. ड्युअल चॅनलमध्ये, म्हणजे दोन वेगळ्या वाटांवर, दोन लावल्या की ५१.२. ज्या गेममध्ये प्रोसेसरवर ताण असतो तिथे हा फरक उघड दिसतो, विशेषतः मधूनच बसणाऱ्या झटक्यांमध्ये. चार स्लॉट असतील तर दोन स्टिक बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात. पहिल्या आणि दुसऱ्यात शेजारी-शेजारी लावल्या तर बहुधा चॅनल एकच राहतो.

मग वेग. स्टिकवर ३२०० लिहिलेलं असलं तरी बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला लिहिलेल्या वेगावर धाववणारी सेटिंग, बंद असेल तर ती २१३३ किंवा २६६६ वर धावते. टास्क मॅनेजरमध्ये आकडा कळतो. सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये मात्र तो निम्मा दिसतो, ३२०० चे १६००. तिथे घाबरू नका. काही बोर्डांवर वेग वाढतच नाही. एच४१० आणि बी४६० या चिपसेटवर (चिपसेट म्हणजे मदरबोर्डाची मुख्य चिप) आय५ असेल तर रॅम २६६६ च्या पुढे जात नाही, मग तुम्ही कितीही वेगवान स्टिक आणा. रॅम घेण्याआधी चिपसेटचं नाव बघा ते यासाठीच. वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्टिक एकत्र चालतात, नाही असं नाही, पण एक्सएमपी लावलं की त्यांच्या कुरबुरी सुरू होतात. शक्यतो जोडीच घ्या.

रॅम बदलल्यावर डिस्प्ले आला नाही तर लगेच पॉवरचं बटण दाबून धरू नका. डीडीआर५ च्या बोर्डावर पहिल्यांदा मेमरी ट्रेनिंग चालतं, म्हणजे बोर्ड नव्या रॅमशी जुळवून घेतो, त्यात काही मिनिटं पडदा काळाच राहतो. दहा मिनिटं थांबा. तरीही काही नाही तर एकच स्टिक लावून बघा, मग सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोसची सेटिंग मूळ स्थितीत आणा.

एसएमपीएस: सगळ्यात महागात पडणाऱ्या चुका

स्टिकरवरचे वॅट वाचून समाधान मानू नका. त्याच स्टिकरवर १२ व्होल्टच्या ओळीत किती अँपिअर लिहिलेत ते वाचा, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही तिथूनच जेवतात. स्टिकरवर ५०० वॅट आणि १२ व्होल्टवर ३० अँपिअर असतील, तर गुणाकार ३६० होतो. तुमच्या कामाचे वॅट तेवढेच. ८० प्लसचा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो. सप्लाय किती स्थिर आहे, आतली संरक्षणं चालतात का, हे तो सांगत नाही.

त्यात आजची कार्डं क्षणार्धात सरासरीच्या कितीतरी वर उडी मारतात. म्हणूनच २०२२ च्या एटीएक्स ३.० या सप्लायच्या मानकात १६ पिनांच्या नव्या कनेक्टरवाल्या सप्लायला क्षणभर रेटिंगच्या दुप्पट भार झेलण्याची अट आली. जुन्या, स्वस्त सप्लायला ही उडी पेलत नाही. डेस्कटॉपवर सगळं ठीक, गेम सुरू केला की फट्कन बंद: हे त्याचं नेहमीचं लक्षण. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये केर्नल-पॉवर ४१ अशी नोंद दिसेल. तिचा अर्थ इतकाच की पीसी रीतसर बंद झाला नाही, त्यामुळे तेवढ्यावरून निदान करू नका. एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा आणि तोच गेम खेळा. बंद पडणं थांबलं, तर संशय सप्लायवर घ्यायला जागा आहे.

नवा सप्लाय आणला की इथली सर्वांत घातक चूक समोर येते. मॉड्युलर, म्हणजे केबल्स सुट्या होणाऱ्या, सप्लायच्या केबल्स एकमेकांत बदलून चालत नाहीत. केबलचं जे टोक सप्लायमध्ये जातं, त्यातल्या पिनांचा क्रम ठरवणारं कुठलंही मानक नाही. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही तो वेगळा असू शकतो. जुनी केबल नव्या सप्लायला घट्ट बसते, पाच व्होल्टच्या जागी बारा जातात आणि एसएसडी कायमची जाते. कंटाळा आला तरी जुन्या सगळ्या केबल्स काढून टाका आणि नव्याच लावा.

प्रोसेसरचा आठ पिनांचा कनेक्टर आणि ग्राफिक्स कार्डाचा आठ पिनांचा कनेक्टर सारखे दिसतात, पण त्यांतली जोडणी उलटी असते. पहिला ४+४ असा सुटतो, दुसरा ६+२ असा. जोर लावून बसवावा लागत असेल तर तो चुकीचा आहे.

आणि साटाच्या (डिस्क-एसएसडीसाठीच्या) पॉवर केबलमधून कार्डाला आठ पिन देणारे ते अॅडॉप्टर. साटाच्या कनेक्टरला १२ व्होल्टवर ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॅटपर्यंतच परवानगी आहे. आठ पिनांचा कनेक्टर १५० वॅटसाठी असतो. प्लास्टिक वितळणार हे गणितातच लिहिलेलं आहे. सप्लायमध्ये कार्डाची केबलच नसेल, तर तो सप्लाय त्या कार्डासाठी नाही.

डेल, एचपी, लेनोवो यांच्या बऱ्याच मॉडेलमध्ये मदरबोर्डाला नेहमीचा २४ पिनांचा कनेक्टर नसतोच. कमी पिनांचा, त्या कंपनीचा स्वतःचा असतो. कधी सप्लायचा आकारही निराळा असतो. झाकण उघडून पिना मोजल्याशिवाय आणि जागा टेपने मापल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. जुना सप्लाय खोलून दुरुस्त करण्याच्या भानगडीत तर मुळीच पडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

पंखे वाढवले, हवा तेवढीच

पुढे अखंड काच, काचेमागे तीन रंगीत पंखे, आणि हवा आत यायला बाजूला बोटभर फट. नाकपुड्या दाबून धावायला लावल्यासारखं आहे हे. पंखे बदलून इथे काही होत नाही. पुढचं पॅनल काढून ठेवा, तोच गेम वीस मिनिटं खेळा. तापमान आठ-दहा अंश उतरलं तर दोष पॅनलचा. जाळीचं पॅनल मिळालं तर उत्तम, नाहीतर पॅनल आणि पंखे यांच्यामध्ये अंतर वाढवा. पंख्यांची दिशाही तपासा. सगळेच पंखे हवा बाहेर फेकताहेत असे तयार पीसी असतात. पंख्याच्या ज्या बाजूला चौकटीचे आडवे दांडे असतात, हवा साधारणतः तिकडून बाहेर पडते.

नवीन रंगीत पंखे लावताना तीन पिनांचं ५ व्होल्टचं आणि चार पिनांचं १२ व्होल्टचं आरजीबी यांत गल्लत झाली, तर दिवे पहिल्याच मिनिटात जळतात.

कूलर बदलताना एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या (प्रोसेसर बसतो ती जागा) बोर्डावर सांभाळा. पेस्ट थंड आणि चिकट असते, सरळ वर ओढलं की प्रोसेसर सॉकेटमधून उपटून कूलरला चिकटून येतो आणि पिना वाकतात. दहा मिनिटं गेम खेळून पेस्ट ऊन करा, पीसी बंद करून प्लग काढा, कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवा, मग उचला. इंटेलमध्ये एलजीए १२०० सॉकेटचा कूलर १७०० वर आपोआप बसत नाही, भोकांमधलं अंतर ७५ वरून ७८ मिलीमीटर झालं आहे. कंपनीची जोडपट्टी लागते. मोठ्या कंपन्यांच्या काही पीसींत कूलरचे स्क्रू थेट कॅबिनेटच्या पत्र्यात जातात. तिथे बाजारातला कूलर बसवण्याचा हट्ट सोडलेला बरा.

आता कार्ड

लांबी मापा, पुढच्या पंख्यांसकट. पीसीआय एक्सप्रेसच्या लेन, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या माहितीच्या वाटा, बघा: आरटीएक्स ४०६० आठ लेनवर चालतं, आरएक्स ६५०० एक्सटी फक्त चारवर. जुन्या, तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर चार लेनवाल्या कार्डाचा चांगलाच दम निघतो. १६ पिनांचा कनेक्टर टक्कन पूर्ण आत गेला पाहिजे आणि त्याच्या लगेच मागे केबल मुरडायची नाही. कंपनी बदलत असाल, एनव्हिडियावरून एएमडीवर किंवा उलट, तर जुने ड्रायव्हर आधी साफ करा. गेम मधूनच बंद पडण्यामागे कधीकधी उरलेसुरले ड्रायव्हर असतात आणि दोष मात्र नव्या कार्डाला जातो.

बोर्डाला हात लावायचा तर

सॉकेट जुळला म्हणजे प्रोसेसर चालेल, असं नाही. एएम४ वर रायझन ७ ५८००एक्स३डी किंवा ५७००एक्स३डी बसवून जुना पीसी बराच पुढे नेता येतो, पण त्यासाठी बोर्डाला पुरेसा नवा बायोस हवा. मोठ्या कंपन्यांच्या बोर्डांना तो मिळेलच असं नाही. बोर्डाच्या पानावरची प्रोसेसरची यादी हाच पुरावा. बायोस अपडेटच्या आधी विंडोजचं बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारं संरक्षण) थांबवा आणि ४८ अंकी रिकव्हरी की दुसऱ्या उपकरणावर जपून ठेवा. नाहीतर अपडेट नीट होईल आणि विंडोज दारातच अडवेल. पीसीबरोबर आलेलं विंडोज बहुधा त्याच बोर्डाशी बांधलेलं असतं. बोर्ड बदलला की परवाना नवा लागू शकतो, हा खर्च हिशेबात धरा.

बोर्ड, एसएमपीएस आणि कॅबिनेट तिन्ही बदलायची वेळ आली, तर त्याला अपग्रेड म्हणण्यात अर्थ नाही. ग्राफिक्स कार्ड, एसएसडी आणि चालत असेल तर रॅम-प्रोसेसर घेऊन नव्या कॅबिनेटमध्ये नवा पीसी बांधा. प्रोसेसरमध्ये अंतर्गत ग्राफिक्स असेल, तर तो मागे ठेवून जुनं खोकं घरात हलक्या कामाला वापरता येतं. कुठल्याही वाटेने गेलात तरी एका वेळी एकच भाग बदला आणि प्रत्येक बदलानंतर तोच गेम, तेवढाच वेळ चालवा. रॅम, सप्लाय आणि कार्ड एकाच संध्याकाळी बदललं आणि डिस्प्ले आला नाही, तर तिघांपैकी कोण रुसलंय हे शोधण्यात पुढचा रविवार जातो.