घरातली कागदपत्रं आवरताना या चुका टाळा

जुलै 2021 मध्ये कोल्हापुरात पंचगंगा नदी राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांची इशारा पातळी ओलांडून 43 फुटांच्या धोका पातळीकडं निघाली, तेव्हा शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीत सामान वर चढवायची धांदल उडाली. 2019 चा पूर अनुभवलेला असल्यानं फ्रिज, गाद्या, धान्य वेळेत माडीवर गेलं. कागदांची पिशवी सासूबाईंनी स्वतः वर नेली. पाणी ओसरल्यावर ती उघडली, तर आत जुनी लाईट बिलं, लग्नपत्रिका आणि कधीच्या मोडलेल्या भिशीच्या चिठ्ठ्या. घराचं खरेदीखत खाली कपाटात, तळच्या कप्प्यात, अगदी तसल्याच दुसऱ्या पिशवीत राहिलं होतं.

कागद फार आहेत म्हणून आपण वैतागतो, पण खरी अडचण वेगळीच असते. जन्मभर लागणारा कागद आणि उद्या रद्दीत जाणारा कागद एकाच ढिगात पडलेले असतात. पुढच्या बहुतेक चुका त्यातूनच होतात.

सगळं एकाच पिशवीत

आधी तीन वाटे करा. पहिला जन्मभराचा: खरेदीखत, सूची क्रमांक दोन (दस्तनोंदणीचा सारांश देणारा उतारा), जन्म-मृत्यूचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले, जात प्रमाणपत्र, कर्ज फिटल्यावर बँकेनं दिलेला ना-हरकत दाखला. दुसरा काही वर्षांचा: घरफाळा आणि पाणीपट्टीच्या पावत्या, विमा, इन्कम टॅक्सची कागदपत्रं (पगारदारानंही ती सात-आठ वर्षं जपावीत असं माझं मत). तिसरा चालू महिन्याचा. लाईट बिल भरलं, पुढच्या बिलात थकबाकी दिसली नाही, की जुनं काढायला हरकत नाही. पत्त्याचा पुरावा म्हणूनही अलीकडचंच बिल मागतात.

पहिला वाटा करून बघा. बहुतेक घरांत तो एका फाईलीत मावतो. पुराच्या वेळी तेवढी एकच फाईल उचलायची असते.

जपायचं म्हणून लॅमिनेशन

ही चूक जिवाला लागते, कारण ती काळजीपोटीच होते. लॅमिनेशनमध्ये प्लास्टिक उष्णतेनं कागदाला चिकटवतात. कागद न फाटता ते पुन्हा निघत नाही. आपल्या पावसाळ्यात आधीच दमट झालेला कागद तसाच बंद केला, तर तो ओलावाही आत कोंडतो. पुढं कधी त्या मूळ कागदावर शिक्का किंवा शेरा घ्यायची वेळ आली, तर तो प्लास्टिकवर घेता येत नाही. स्टँप पेपर तर कधीच लॅमिनेट करू नका. फाईलीचे पारदर्शक कप्पे पुरतात, फक्त मऊ, उग्र वासाचं स्वस्त प्लास्टिक नको. त्याला झेरॉक्सची शाई चिकटते आणि अक्षरं कागदावरून उचलली जातात.

दुकानातली गुळगुळीत बिलं थर्मल कागदाची असतात. त्यांवर शाई नसते, उष्णतेनं अक्षर उमटतं. म्हणूनच ती हळूहळू फिकी पडतात आणि लॅमिनेशनच्या मशिनमध्ये घातली तर काळी होतात. मिक्सरचं, फ्रिजचं वॉरंटीचं बिल आणलं त्याच दिवशी झेरॉक्स करा किंवा फोटो काढून ठेवा.

स्टेपलरच्या पिना आणि रबरबँडही काढा. पावसाळ्यात पिना गंजून कागदाला भोक पाडतात आणि रबर वितळून चिकटतं.

वाचता येत नाही म्हणून रद्दीत

माळा झाडताना पिवळे पडलेले, जुन्या मोडी लिपीत लिहिलेले कागद सापडतात. घरात मोडी कुणाला येत नाही आणि ते रद्दीवाल्याच्या काट्यावर जातात. कृपा करून हे करू नका. जात पडताळणीत ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीच्या पुराव्याला मोठं वजन असतं. पणजोबांचा शाळेचा दाखला, एखादा जुना फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद), गहाणखत यांत जातीची नोंद असू शकते. नातवाचा प्रवेश पुढं त्या एका ओळीवर ठरू शकतो. मोडी वाचणारी माणसं कोल्हापुरात आजही आहेत. आधी वाचून घ्या, मग ठरवा.

फोटो काढला म्हणजे झालं

डिजिलॉकर या सरकारी अ‍ॅपमध्ये सरकारी खात्याकडून थेट आलेला कागद आणि आपण फोटो काढून चढवलेला कागद यांत फरक आहे. पहिला मूळ प्रतीसारखा ग्राह्य धरतात, दुसरा नुसता साठवलेला असतो. सातबारा मात्र आता डिजिटल सहीचा मिळतो, त्याचे जुने गठ्ठे सांभाळायची गरज नाही.

आधार, पॅनच्या झेरॉक्स आणि बँकेची स्टेटमेंट आख्खी रद्दीत देऊ नका. नंबर आणि सही फाडून वेगळी करा. झेरॉक्स कुणाला देताना तिच्यावर आडवं लिहा: कशासाठी दिली, कोणत्या तारखेला.

भिजलेल्या कागदाशी घाई

आमचं खरेदीखत हातात आलं तेव्हा चिखलाची लादी झालं होतं. मी घाबरून ओली पानं सोडवायला गेले आणि दुसरं पान मधोमध फाटलं. ओला कागद स्वतःच्या वजनानंही फाटतो. इस्त्री नको, कडक ऊनही नको. अख्खा गठ्ठा आडवा ठेवायचा, पंखा लावायचा, मध्ये मध्ये कोरे कागद सरकवायचे आणि ते भिजले की बदलायचे. वर्तमानपत्र टाळा, त्याची शाई लागते. साधारण दोन दिवसांत बुरशी धरते. कागद जास्त असतील तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, बुरशी थांबते. मग चार-चार काढून सवडीनं वाळवता येतात.

पहिल्या पानावरचा दस्त क्रमांक आणि वर्ष आम्हाला कसंबसं वाचता आलं. त्यावरून दुय्यम निबंधक कार्यालयातून, म्हणजे दस्त नोंदवतात तिथून, नक्कल मिळाली. आता तो क्रमांक घरातल्या तिघांच्या फोनमध्ये आहे आणि फाईल चेनच्या पिशवीत माडीवर खिळ्याला टांगलेली असते. पिशवीवर सासूबाईंनी खडूनं लिहिलंय, "घर."