ट्रिगर दाबताना पिस्तूल हलू नये म्हणून

कोल्हापुरात पॉइंट टू-टूचे (0.22 इंच व्यासाच्या गोळीचे) सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल हाती घेणारा नेमबाज बहुधा दहा मीटर एअर पिस्तुलावर तयार झालेला असतो. उभे राहणे, श्वास रोखणे, साइट (नेम धरण्यासाठी पिस्तुलावर पुढे-मागे असलेल्या खुणा) जुळवणे हे सगळे त्याला येत असते, आणि तरीही पंचवीस मीटरवर त्याच्या गोळ्या टार्गेटभर पसरतात. मग तो साइटचे स्क्रू फिरवत बसतो. दोष आधी बोटात शोधावा, साइटला नंतर हात लावावा, असे माझे ठाम मत आहे. एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान 500 ग्रॅम दाबाने सुटणारा असावा लागतो, तर पंचवीस मीटरच्या पिस्तुलाचा किमान 1000 ग्रॅम दाबाने. म्हणजे दाब दुप्पट होतो, आणि त्यात आवाज व धक्क्याची भर पडते.

बोटाची चूक इतकी महाग का पडते, हे आधी समजून घ्यावे. या पिस्तुलाच्या पुढच्या व मागच्या साइटमधील अंतर नियमानुसार जास्तीत जास्त 220 मिलिमीटर असते. ट्रिगर ओढताना पुढची साइट मागच्या खाचेत एक मिलिमीटर सरकली, तर पंचवीस मीटरवर गोळी अकरा सेंटीमीटरहून अधिक दूर जाते आणि दहाऐवजी सहाच्या वर्तुळात लागते. याउलट साइट एकमेकींशी नीट जुळलेल्या असताना संपूर्ण हातच समांतर एक सेंटीमीटर हलला, तर गोळीही एक सेंटीमीटरच हलते, आणि प्रिसिजन (सावकाश नेमाच्या टप्प्यातील) टार्गेटवरचे दहाचे वर्तुळ पाच सेंटीमीटर व्यासाचे असल्यामुळे ती दहातच राहू शकते. म्हणून हाताची थरथर निमूटपणे स्वीकारावी. साइटची जुळणी बिघडवणारा झटका मात्र कधीही चालवून घेऊ नये.

सरावापूर्वीची शिस्त सर्वांना ठाऊक असते, तरीही ती सांगणे भाग आहे. नळी नेहमी टार्गेटकडे, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर, आणि मॅगझिन काढल्यावर चेंबर (नळीच्या मागची गोळी बसण्याची जागा) डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पिस्तूल रिकामे मानू नये. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल प्रत्येक शॉटनंतर स्वतःच पुढची गोळी चेंबरमध्ये भरते, त्यामुळे शॉट सुटला म्हणून पिस्तूल रिकामे झाले असे होत नाही. कान आणि डोळे झाकलेले असावेत. हे शस्त्र परवान्याचे आहे, तेव्हा सराव रेंजवर आणि कोचच्या नजरेखालीच करावा.

आता बोट. पहिल्या पेराच्या गादीचा मध्यभाग ट्रिगरवर टेकावा आणि बोटाचा उरलेला भाग ग्रिपला, म्हणजे पिस्तुलाच्या लाकडी मुठीला, कोठेही घासू नये. बोट आणि लाकूड यांच्यामध्ये उजेडाची फट दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर ट्रिगर पुढे-मागे सरकवून घ्यावा किंवा ग्रिप तासून घ्यावी. दाब सरळ मागे, नळीच्या रेषेत गेला पाहिजे. उजव्या हाताच्या नेमबाजाच्या गोळ्या सतत डावीकडे खाली लागत असतील, तर बोटाबरोबर संपूर्ण मूठही आवळली जात आहे, असे बहुधा समजावे.

मुठीबाबत आपल्याकडे एक अडचण वारंवार दिसते. तालमीत घाम गाळलेली मुले रेंजवर येतात तेव्हा त्यांच्या मनगटात ताकद भरपूर असते, पण कुस्तीत पकड क्षणाक्षणाला बदलावी लागते आणि इथे ती अजिबात बदलायची नसते. हात उचलण्यापूर्वी जितकी घट्ट मूठ धरली, तितकीच ती शॉट सुटल्यानंतरही असावी. एकटी तर्जनी हलावी, बाकीची चार बोटे जणू तिला ओळखतच नाहीत अशी स्वस्थ राहावीत. पावसाळ्यात तळहात ओलसर होतो आणि नकळत मूठ आवळली जाते. त्यासाठी प्रत्येक मालिकेपूर्वी हात कोरडा करावा.

टू-स्टेज, म्हणजे दोन टप्प्यांत दाबला जाणारा, ट्रिगर असल्यास पहिला टप्पा हात टार्गेटवर येत असतानाच संपवावा. त्यानंतर बोटाला जो अडसर जाणवतो, तेथून पुढचा दाब हळूहळू, पण न थांबता वाढवत न्यावा. बहुतेकांचे इथेच चुकते. साइट टार्गेटवरच्या काळ्या वर्तुळाखाली अगदी मनासारखी आली की ते तो क्षण पकडायला जातात आणि ट्रिगर खेचतात. दाब चालू असताना साइट थोडी तरंगली तरी बोट थांबवू नये. आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही, तर बोट काढून हात खाली घ्यावा आणि पुन्हा सुरुवात करावी. प्रिसिजनच्या टप्प्यात पाच गोळ्यांना पाच मिनिटे मिळतात, तेव्हा घाईचे कारण नसते.

याची सवय ड्राय फायरिंगनेच, म्हणजे गोळीविना ट्रिगर दाबण्याच्या सरावानेच लागते. पॉइंट टू-टूमध्ये रिकाम्या चेंबरवर फायरिंग पिन आपटल्यास चेंबरची कड खराब होऊ शकते, म्हणून पिस्तुलातील ड्राय फायरची सोय वापरावी किंवा डमी (नकली गोळी) घालावी, आणि त्या वेळी खऱ्या गोळ्या त्या खोलीतही असू नयेत. सुरुवातीला टार्गेटऐवजी कोऱ्या भिंतीवर नेम धरावा. पाहायला काळे वर्तुळच नसल्यामुळे नजर पुढच्या साइटवर टिकते आणि ट्रिगर सुटताना तिचे टोक कोणत्या बाजूला उडी मारते, हे स्वच्छ दिसते. ते टोक निश्चल राहू लागले की मगच टार्गेट लावावे.

आवाजाची धास्ती मात्र ड्रायमध्ये कळत नाही. त्यासाठी कोचने आपल्याला न दाखवता कधी भरलेले, कधी रिकामे पिस्तूल हाती द्यावे. रिकाम्या पिस्तुलावर ट्रिगर सुटताच नळी खाली झुकली, तर तोच झटका खऱ्या गोळीच्या वेळी धक्क्याआड लपलेला असतो. झटका दिसला की काही वेळ पुन्हा ड्रायवर यावे.

शॉट सुटल्यावर बोट लगेच उडवू नये. ट्रिगर मागेच धरून ठेवावा, साइट पुन्हा जागेवर येऊ द्यावी आणि मगच बोट सावकाश पुढे सोडावे. ट्रिगर पुढे येऊन यंत्रणा पुन्हा सज्ज झाल्याशिवाय पुढचा शॉट सुटतच नाही. गोळी कुठे लागली हे मॉनिटरवर पाहण्यापूर्वी स्वतःशी सांगावे. सांगणे आणि लागणे जुळू लागले, म्हणजे नजर शेवटपर्यंत साइटवर होती.

रॅपिडच्या, म्हणजे झटपट नेमाच्या, टप्प्यात एका शॉटला तीन सेकंद मिळतात आणि मध्ये सात सेकंदांची विश्रांती असते. पंचेचाळीस अंशांवरून हात उचलताना पहिला टप्पा वाटेतच संपवावा, आणि काळ्यात शिरताना दुसऱ्यावरचा दाब सुरू झालेला असावा. बोट उशिरा जागे झाले, की तिसऱ्या सेकंदाला ट्रिगर ओरबाडावाच लागतो. आपल्या राही सरनोबत यांनी 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलाचे सुवर्ण दोन शूट-ऑफनंतर जिंकले. तशा दडपणात वेग वाढवायचा असेल, तर तो हात उचलण्यात वाढवावा; बोटाची गती सरावात असते तीच ठेवावी.