जुन्या टू-इन-वनचा ट्वीटर बदलताना कपॅसिटर कसा निवडावा

ऐंशीच्या दशकात आखातातून किंवा मुंबईहून कोल्हापुरात आलेले मोठे टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट एकत्र असलेले, हातात धरून नेण्याजोगे स्टिरिओ, अजूनही अनेक घरांच्या माळ्यावर पडून आहेत. आतले रबरी बेल्ट बदलून आणि हेड पुसून ते बहुधा चालू होतात. मात्र आवाज दबका येतो, टाळांची किणकिण ऐकू येत नाही आणि तबल्याच्या चाटेची धार हरवलेली असते. अशा वेळी दोष अनेकदा ट्वीटरमध्ये, म्हणजे वरचे बारीक स्वर वाजवणाऱ्या लहान स्पीकरमध्ये असतो, कारण त्याची कॉइल केसासारख्या बारीक तारेची असते आणि कागदी शंकूला आपल्याकडच्या पावसाळ्यातली ओल सोसत नाही. नवा ट्वीटर मिळवणे अवघड नाही. खरा प्रश्न त्याच्याशी एकसरीत जोडलेल्या, खालचे स्वर अडवणाऱ्या लहानशा कपॅसिटरचा असतो. जुन्या कपॅसिटरवरचा आकडा वाचून तेवढ्याच किमतीचा (येथे किंमत म्हणजे पैसे नव्हेत, तर मायक्रोफॅरडमध्ये मोजलेली क्षमता) नवा आणणे हा सर्रास चालणारा मार्ग आहे, पण तो फक्त नवा ट्वीटर जुन्याइतक्याच ओहमचा असेल तेव्हाच बरोबर ठरतो.

काम सुरू करण्यापूर्वी विजेची वायर काढावी, सेल बाहेर काढावेत आणि संच काही वेळ तसाच ठेवावा, म्हणजे आतले मोठे फिल्टर कपॅसिटर रिकामे होतात. मागचे झाकण उघडल्यावर प्रत्येक तार कोठून कोठे जाते त्याचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. स्पीकरची एक तार ग्राउंडलाच असेल असे गृहीत धरू नये. काही संचांत ॲम्प्लिफायर ब्रिज पद्धतीचा असतो, तेथे दोन्ही तारा ग्राउंडपासून वेगळ्या असतात आणि चुकून एक जरी चासीला टेकली तरी आउटपुट आयसी, म्हणजे स्पीकरला आवाज पुरवणारी चिप, जळू शकते.

यानंतर जुना ट्वीटर कोणत्या जातीचा आहे ते ठरवावे, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर अवलंबून आहे. मागे गोल लोहचुंबक असेल तर तो कॉइलचा, म्हणजे नेहमीचा ट्वीटर होय. चुंबकच नसेल आणि वजन अगदी हलके असेल तर तो बहुधा पिझो, म्हणजे कॉइलऐवजी विजेने थरथरणारी पातळ चकती असलेला, असतो. पिझो स्वतःच विद्युतदृष्ट्या एका लहान कपॅसिटरसारखा वागतो, त्यामुळे कारखान्याने त्याच्याशी कपॅसिटर जोडलेलाच नसतो, फार तर एखादा रेझिस्टर असतो. अशा पिझोच्या जागी कॉइलचा ट्वीटर बसवून त्याच तारा थेट जोडल्या, तर खालच्या स्वरांची सगळी शक्ती त्या बारीक कॉइलमध्ये जाते आणि ती जळते. म्हणून तेथे कपॅसिटर नव्याने घालावाच लागतो. काही स्वस्त संचांत तर जाळीमागे ट्वीटर नसतोच, नुसती शोभेची चकती असते. तेही आधीच पाहून घेतलेले बरे.

आता मोजमाप. जुन्या आणि नव्या ट्वीटरचा रोध मल्टिमीटरने पाहावा. मीटर जो आकडा दाखवतो तो छापील आकड्यापेक्षा थोडा कमी असतो: ८ ओहमचा ट्वीटर साधारण ६ ते ७ ओहम दाखवतो आणि ४ ओहमचा सव्वातीन ते पावणेचार. जुन्याची कॉइल तुटलेली असेल तर मीटर काहीच दाखवणार नाही. अशा वेळी मागचा छापील आकडा किंवा दुसऱ्या बाजूचा शाबूत ट्वीटर कामी येतो. जुन्या कपॅसिटरची किंमत मोजायची असेल तर त्याचे एक टोक सोल्डर काढून सुटे करावे, नाहीतर मीटर आजूबाजूचे सर्किटही मोजत बसते.

हिशेब सोपा आहे. १,५९,००० या संख्येला आधी ट्वीटरच्या ओहमने आणि मग कपॅसिटरच्या मायक्रोफॅरडने भागले की ज्या वारंवारतेपासून ट्वीटर खऱ्या अर्थाने बोलू लागतो ती हर्ट्झमध्ये मिळते. ८ ओहमच्या ट्वीटरला २.२ मायक्रोफॅरड लावले तर ही सीमा सुमारे ९,००० हर्ट्झवर येते, ३.३ लावले तर ६,००० वर आणि ४.७ लावले तर ४,२०० वर. समजा, जुना ट्वीटर ८ ओहमचा होता, त्याला ३.३ चा कपॅसिटर होता, आणि बाजारात मिळालेला नवा ४ ओहमचा आहे. तोच कपॅसिटर ठेवला तर सीमा थेट १२,००० वर चढते आणि ‘ट्वीटर नवा बसवला तरी आवाज उघडत नाही’ अशी तक्रार उरते. येथे ६.८ हवा. नवा ६ ओहमचा असेल तर ४.७ चालेल. उलट दिशेची चूक अधिक महाग पडते: ४ ओहमसाठी असलेला ६.८ चा कपॅसिटर ८ ओहमच्या ट्वीटरला तसाच ठेवला, तर सीमा २,९०० च्या आसपास उतरते, माणसाच्या आवाजाचा बराचसा भाग त्या चिमुकल्या शंकूवर येऊन पडतो आणि आवाज मोठा केला की कॉइल तापते.

यातही एक तारतम्य आहे. एकट्या कपॅसिटरचा उतार सौम्य असतो, दर सप्तकाला केवळ ६ डेसिबल. म्हणजे सीमेच्या खाली आवाज एकदम बंद होत नाही, हळूहळू कमी होतो. शिवाय या संचांतल्या मोठ्या स्पीकरला वरचे स्वर अडवणारी वेगळी कॉइल बहुधा लावलेली नसते, तो आपल्या परीने वरचे स्वरही वाजवत असतो. ट्वीटरने त्यात भर घालायची आहे, त्याची जागा घ्यायची नाही. म्हणून दोन किमतींमध्ये संभ्रम असेल तर लहान किंमत घ्यावी असे माझे मत आहे. ट्वीटर सुरक्षित राहतो आणि आवाज कर्कश होत नाही. मात्र ४ ओहमचा ट्वीटर ४ ओहमच्या मोठ्या स्पीकरला समांतर जोडायचा असेल तर ॲम्प्लिफायरवर वरच्या स्वरांत भार वाढतो, हे ध्यानात ठेवावे. मूळ संच ८ ओहमचा असेल तर ८ ओहमचाच ट्वीटर शोधण्याचे कष्ट घेणे केव्हाही चांगले.

किमतीनंतर जात. मूळ कपॅसिटर बहुधा नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक असतो, त्यावर ‘एनपी’ किंवा ‘बीपी’ या अर्थाची इंग्रजी अक्षरे असतात. चाळीस वर्षांत तो आतून सुकतो, त्याचा अंतर्गत रोध वाढतो आणि मीटरवर किंमत ठीक दिसूनही आवाज मंद येतो. दुकानदार कधीकधी ‘हाही चालतो’ म्हणून साधा, उणे पट्टी असलेला इलेक्ट्रोलिटिक पुढे करतो. तो एकटा वापरू नये. अडचणच असेल तर असे दोन समान कपॅसिटर उण्याला उणे जोडून एकसरीत लावावेत, पण मग किंमत निम्मी होते: १० चे दोन जोडले की ५. सर्वांत उत्तम म्हणजे पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा कपॅसिटर, कारण तो सुकत नाही. त्यावर ‘४७५’ असे छापलेले असेल तर ते ४.७ मायक्रोफॅरड, ‘३३५’ म्हणजे ३.३. सिरॅमिक टाळावा.

फिल्मचा कपॅसिटर मिळत नाही अशी तक्रार ऐकू येते, पण राजारामपुरी असो की शाहूपुरी, छताच्या पंख्याचा २.५ किंवा ३.१५ एमएफडीचा (म्हणजे मायक्रोफॅरडचाच) कपॅसिटर विजेच्या सामानाच्या दुकानात सहज मिळतो आणि आजकालचा असा कपॅसिटर मेटलाइज्ड पॉलिप्रॉपिलीनचाच असतो. ८ ओहमच्या ट्वीटरला २.५ चा लावला तर सीमा ८,००० च्या जवळ येते, ३.१५ ने ६,३०० च्या. त्याच्या ४४० व्होल्टची येथे गरज नाही. बारा व्होल्टच्या सेलवर चालणाऱ्या संचात ५० व्होल्टचा कपॅसिटरही भरपूर आहे. अडचण आकाराची असते, म्हणून तो विकत घेण्यापूर्वी पेटीतली रिकामी जागा पट्टीने मोजून न्यावी.

जोडणी झाल्यावर कपॅसिटर सिलिकॉनने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने पेटीला घट्ट बसवावा, कारण या पेट्या हलवल्या जातात आणि लोंबकळणारा कपॅसिटर पाय तुटेपर्यंत हलत राहतो. झाकण लावण्यापूर्वी ओळखीचे गाणे कमी आवाजात लावून ऐकावे आणि ट्वीटरच्या दोन तारा उलटसुलट करून पाहाव्यात. ज्या जोडणीत गायकाचा आवाज भरीव आणि पुढे आलेला वाटेल ती ठेवावी, दुसऱ्या बाजूलाही तीच. आवाज टोचू लागला तर २.२ ओहमचा, पाच वॅटचा रेझिस्टर ट्वीटरच्या एकसरीत घालता येतो. ८ ओहमच्या ट्वीटरचा आवाज त्याने सुमारे २ डेसिबलने उतरतो, पण एकूण रोध १०.२ ओहम झाल्याने ३.३ चा कपॅसिटर आता ६,००० ऐवजी ४,७०० पासून काम करू लागतो; पूर्वीची सीमा राखायची असेल तर त्यासोबत कपॅसिटरही २.७ चा करावा लागतो.