युक्काचा शेंडा उडवायला घाबरू नका

आमच्या सांगलीच्या विश्रामबागेत जुन्या बंगल्यांच्या फाटकाशी एखादा तरी युक्का दिसतोच. आणला तेव्हा गुडघाभर होता, आता पहिल्या मजल्याच्या गॅलरीत डोकावतोय. बहुतेकांची अवस्था एकच: खालची हिरवी पानं सोलून सोलून वर झुपका तेवढा ठेवलेला, उलट्या खराट्यासारखा. तक्रार असते झाड उंच झाल्याची, आणि कापतात पानं! त्यानं उंची इंचभरही कमी होत नाही. झाडाचं अन्न तयार करणारी पानं जातात आणि वाढ रोडावते.

शेंड्याला मात्र हात लावायला सगळे घाबरतात. आमच्याकडे येणारे माळीमामासुद्धा म्हणाले होते, "काकू, मुंडकंच उडवलं तर मरंल की ओ."

मरत नाही. युक्काच्या बुंध्यावर सालीखाली झोपलेले डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब, असतात. शेंडा जागेवर आहे तोवर तो त्यांना उठू देत नाही. शेंडा गेला की कापाच्या खालचे डोळे फुगायला लागतात. माझं माहेर तासगावकडचं, द्राक्षबागेचं. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी बघत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही.

करवत काढण्याआधी झाड युक्काच आहे ना, ते बघा. घायपातीला असं करायचं नाही. तिचा मधला कोंब कापला की खेळ खलास, आणि एकदा फुलली की तो फड तसाही वाळून जातो. युक्का मात्र पुन्हा पुन्हा फुलतो. त्यातही आपल्याकडे दोन प्रकार जास्त दिसतात. एक मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा, मऊ टोकाच्या पानांचा, बुडाशी फुगणारा. दुसरा ताठ पानांचा, टोकाला सुईसारखा काटा असलेला, ज्याला इंग्रजीत स्पॅनिश बायोनेट म्हणतात. हा दुसरा फाटकाशी किंवा पोरांच्या खेळण्याच्या जागी असेल तर डोळ्यांच्या उंचीवरच्या पानांचे काटे कात्रीनं अर्धा सेंटिमीटर उडवून टाका. पानाला काही होत नाही.

छाटणीची वेळ म्हणजे फेब्रुवारीअखेर ते मार्च. थंडी सरलेली असते, झाड वाढीला लागणार असतं आणि वळीव यायच्या आत काप वाळून जातो. जून ते सप्टेंबर करवत अजिबात बाहेर काढू नका. सांगलीची काळी माती आधीच पाणी धरून ठेवते, त्यात ओला काप म्हणजे कुजीला निमंत्रण. वाई, पाटण, महाबळेश्वरच्या बाजूच्यांनी तर हे दोनदा वाचावं.

आता वाळलेली पानं. झाडाला हात लावण्याआधी त्या वाळक्या झालरीवर काठीनं चार फटके मारा. आत पाली, विंचू, गांधीलमाश्यांचं पोळं, काहीही असू शकतं. पूर्ण बाह्यांचा शर्ट, जाड हातमोजे आणि चष्मा, नंबरचा नसला तरी. पूर्ण तपकिरी झालेलं पान बुडाशी धरून खाली आणि जरा बाजूला ओढलं की सोलून येतं आणि बुंध्यावर वळं सोडतं. येत नसेल तर झोंबाझोंबी करू नका, कात्रीनं बुडाशी कापा. अर्धवट पिवळं आहे ते राहू दे. जे पान खाली न झुकता वरच्या बाजूला रोखलेलं आहे आणि हिरवं आहे, त्याला हात लावायचा नाही. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला आणि मुंग्यांची ये-जा असली तर ती पिठ्या ढेकूण नावाची कीड. पाण्याच्या जोराच्या धारेनं धुवा, मग संध्याकाळी निंबोळी तेल फवारा.

फुलांचा दांडा वाळला की बुडातून कापा. बी धरेल म्हणून ठेवू नका. युक्काचं परागीकरण करणारे खास पतंग त्याच्या मूळ मुलखात असतात, आपल्याकडे ते नाहीत, त्यामुळे सहसा बी धरत नाही. दांडा शेंड्यातूनच येतो, म्हणून फुलून गेलेला शेंडा बऱ्याचदा आपोआप फाटे फोडतो. ते काम झाडानंच केलेलं असतं.

मुख्य काम शेंड्याचं. आधी लांब उभं राहून झाड बघा आणि नवीन डोकी कुठं हवीत ते ठरवा. फूट कापाच्या लगेच खाली येते, म्हणून तुम्हाला जिथं झुपका हवा त्याच्या वीतभर खाली खडूनं खूण करा. खाली निदान दोन फूट बुंधा ठेवा. एका बुडातून तीन-चार बुंधे आले असतील तर सगळे एका उंचीवर कापू नका आणि एका वर्षात तर नकोच. यंदा सगळ्यात उंच तो कमरेएवढा करा. तो फुटला की पुढच्या मार्चला दुसरा, छातीएवढा. खालवर उंचीमुळे झाड भरलेलं दिसतं आणि दरम्यान फाटक उघडंबोडकं पडत नाही.

कोयता नको. युक्काचं आतलं लाकूड खरं लाकूड नाहीच, ओलसर, तंतुमय गर असतो. कोयत्यानं तो चेचतो आणि चेचलेल्या जागी पाणी मुरतं. दातेरी घडीची करवत घ्या, पातं स्पिरिटनं पुसा. मुंडकं दिसतं त्यापेक्षा पुष्कळ जड असतं, म्हणून पानं सुतळीनं वर बांधा, बुंध्याला दोर लावून दुसऱ्या कोणाला तरी धरायला सांगा आणि आधी खुणेच्या फूटभर वर कापून वजन उतरवा. मग खुणेवर सावकाश, जरा तिरका काप घ्या, पाणी साचू नये इतपत. विजेची सर्व्हिस वायर जवळून जात असेल तर महावितरणच्या माणसाला बोलवा, शिडी लावून पराक्रम नको.

कापलेला भाग बघा. पांढरट, घट्ट आणि ओला असेल तर उत्तम. मध्ये तपकिरी डाग असेल, अंगठा रुतत असेल किंवा वास येत असेल तर कूज आहे. आणखी चार बोटं खाली कापा, पांढरं लागेपर्यंत. दर कापानंतर पातं पुन्हा पुसायचं.

काप दिवसभर उघडा सुकू द्या, मग बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावा: 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम चुना, 1 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं प्लास्टिकच्या भांड्यात भिजवून मग एकत्र करायचं. लोखंडी भांडं चालत नाही. लोखंडी खिळा बुडवून बघा, त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. पेस्ट त्याच दिवशी वापरा. हळद लावली तरी हरकत नाही, पण माझा भरवसा मोरचुदावर. द्राक्षाला फुटीसाठी जे पेस्टिंग करतात ते रसायन मात्र युक्काला लावू नका. ते विषारी आहे आणि इथं त्याची गरजही नाही.

यानंतर पाणी तोडा. पानं नाहीत तर झाड पाणी पिणार कशानं? माती बोटभर खोल कोरडी झाली तरच थोडं द्या. महिना-दोन महिन्यांत कापाखाली हिरवट-लालसर फुगवटे दिसतील. बोटभर झाले की विरळणी करा: वेगवेगळ्या दिशांना तोंड असलेले दोन-तीन ठेवा, बाकीचे अंगठ्यानं मोडून टाका. सगळे ठेवले तर दाटी होते आणि एकही धड वाढत नाही.

उतरवलेलं मुंडकं फेकू नका. खालची पानं काढून हातभर दांडा मोकळा करा, सावलीत आठवडाभर वाळू द्या आणि मुरूम, वाळू मिसळलेल्या मातीत लावा. मधल्या उघड्या बुंध्याचे तुकडेही लागतात, फक्त वरची बाजू वरच ठेवायची, म्हणून कापतानाच वर खडूनं बाण काढा. नवी जागा भिंतीपासून पाच-सहा फूट लांब निवडा. बूड फुगतं, आणि वर कितीही छाटलं तरी ते फुगायचं थांबत नाही. फरशी उचलते, कंपाउंडला तडा जातो.

कचऱ्याचं म्हणाल तर पानं कंपोस्टच्या खड्ड्यात घालू नका, लवकर कुजत नाहीत. कुत्रं-मांजर चघळणार नाही एवढं बघा, त्यातल्या सॅपोनिनमुळे उलट्या होतात. चांगली लांब पानं मात्र मी उभी चिरून पट्ट्या करते आणि दुधी, दोडक्याचे वेल मांडवाला त्यानंच बांधते. पावसाळाभर टिकतात, सुतळी लागत नाही.