पहिलं महायुद्ध अभ्यासायचं तर आधी जुलै १९१४ ची वही करा

शाळेत पाठ केलेलं उत्तर बहुतेकांना आजही येतं: साम्राज्यवाद, लष्करवाद, आक्रमक राष्ट्रवाद, गुप्त करार आणि तात्कालिक कारण म्हणून सारायेव्होत झालेला ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून. यातला एकही मुद्दा चुकीचा नाही. पण हीच यादी १९०८ सालच्या बोस्नियाच्या पेचालाही लागू होती, १९११ च्या मोरोक्कोतल्या अगादिरच्या पेचालाही आणि १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांनाही. तेव्हा महायुद्ध पेटलं नाही. मग १९१४ मध्येच का पेटलं, याचं उत्तर त्या यादीत सापडत नाही. म्हणून अभ्यास उलटा करा. आधी खुनाच्या दिवसापासून ब्रिटन युद्धात उतरेपर्यंतचे, म्हणजे २८ जून ते ४ ऑगस्ट १९१४ हे दिवस नीट बघा आणि मग मागे जा.

दोनशे पानी वहीत आडव्या पानावर चार रकाने आखा: तारीख आणि वेळ, कोण, काय केलं, आणि त्या घडीला त्याला काय ठाऊक होतं. चौथा रकाना भरायला सगळ्यात जास्त कष्ट पडतात, आणि खरा अभ्यास तिथेच होतो.

नमुन्यादाखल एवढं बघा. ५-६ जुलैला बर्लिनने ऑस्ट्रियाला पूर्ण पाठिंबा दिला. त्यानंतर २३ जुलैपर्यंत वरवर काहीच घडत नाही. का? हंगेरीचे पंतप्रधान टिसा यांचा विरोध होता, बरेच सैनिक सुगीच्या रजेवर होते आणि फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष प्वांकारे रशियाच्या भेटीवर होते. ते रशियातून निघेपर्यंत व्हिएन्नाने मुद्दाम वाट पाहिली आणि २३ जुलैला संध्याकाळी ६ वाजता सर्बियाच्या हाती ४८ तासांचा निर्वाणीचा खलिता ठेवला. सर्बियाचं उत्तर २५ तारखेला गेलं. जर्मन सम्राट विल्हेल्म यांनी ते वाचलं २८ तारखेला सकाळी. आता युद्धाचं कारण उरलं नाही, असा शेरा त्यांनी मारला, आणि त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारलं. चौथा रकाना नसता तर ही गोष्ट हातातून निसटली असती.

या वहीत एक खड्डा हमखास लागतो. रशियात तेव्हा जुनी दिनदर्शिका चालत होती, आपल्यापेक्षा १३ दिवस मागे. रशियन कागदावर १७ जुलै दिसलं तर वहीत ३० जुलै लिहा. ‘ऑक्टोबर क्रांती’ ७ नोव्हेंबरला येते, तीही याच कारणाने.

वही भरली की जुनी यादी बाहेर काढा आणि प्रत्येक कारण तपासा. ‘करारांमुळे सगळे आपोआप ओढले गेले’ असं म्हणायचं असेल, तर इटलीकडे बघा. जर्मनी-ऑस्ट्रियाशी करार असूनही इटली १९१४ मध्ये तटस्थ राहिली आणि मे १९१५ मध्ये ऑस्ट्रियाविरुद्धच उतरली. म्हणजे करार होता, पण तो पाळायचा की नाही हे कोणीतरी बसून ठरवत होतं. लष्करवाद हा शब्दही मोघम ठेवू नका, त्याचं यंत्र उघडून बघा. रशियाच्या सैन्याची जमवाजमव सावकाश होणार, तेवढ्यात बेल्जियममधून घुसून फ्रान्सला लोळवायचं आणि मग पूर्वेकडे वळायचं, असा जर्मन बेत होता. त्यामुळे ३० जुलैला रशियाने सर्वंकष जमवाजमवीचा हुकूम काढताच जर्मन सेनानींना एकेक दिवस हातातून जाताना दिसू लागला.

युद्धाचा क्रम वाचताना लढायांची नावं पाठ करत बसू नका. युरोपचा एक नकाशा आणि चार ट्रेसिंग पेपर घ्या. पश्चिम आघाडीची रेषा चार वेळा काढा: डिसेंबर १९१४, डिसेंबर १९१६, जुलै १९१८ आणि ११ नोव्हेंबर १९१८. पहिले दोन कागद एकमेकांवर ठेवले की रेषा जवळपास एकच दिसते. उत्तर समुद्रापासून स्वित्झर्लंडपर्यंतच्या सुमारे ७०० किलोमीटरच्या खंदकांत व्हर्दं आणि सोमच्या मोठ्या लढाया होऊनही नकाशा हलला नाही. मग १९१६ मध्ये बदललं काय, हे नकाशाबाहेर शोधावं लागतं: माणसं, तोफगोळे, धान्य. ब्रिटिश नाकेबंदीने आणि बटाट्याचं पीक बुडाल्याने १९१६-१७ च्या हिवाळ्यात जर्मन घरांत लोक जनावरांच्या खाद्यातल्या सलगमासारख्या कंदावर दिवस काढत होते.

शेवटही क्रमानेच मांडा, म्हणजे १९१८ मध्ये कोणी कधी शस्त्रसंधी केली ते. बल्गेरिया सप्टेंबरअखेर, तुर्कस्तान ३० ऑक्टोबर, ऑस्ट्रिया ३ नोव्हेंबर, जर्मनी ११ नोव्हेंबर. जर्मनीचे मित्र एकेक करून गळाले. सगळी नजर फ्रान्सवर ठेवली की हे दिसत नाही.

आता आकडे. मराठीत सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. इंग्रजी ‘कॅज्युअल्टीज’चा अर्थ ठार असा नाही, त्यात ठार, जखमी, बेपत्ता आणि कैदी सगळे येतात. मराठीत ‘हताहत’ लिहा आणि मृतांचा आकडा वेगळा द्या. सोमच्या पहिल्या दिवशी, १ जुलै १९१६ ला, ब्रिटिशांचे ५७,४७० हताहत झाले, त्यांतले मृत १९,२४०. ‘५७ हजार ठार’ लिहिलं तर मृत्यू तिप्पट झाले. प्रत्येक आकड्यापुढे तीन गोष्टी लिहायची सवय लावा: कोणाचे, किती काळातले, आणि काय धरून.

परिणामांचं सूत्र एकच: ‘युद्धानंतर’ आणि ‘युद्धामुळे’ यांची गल्लत नको. मधला सांधा दाखवता आला तरच ‘मुळे’ लिहा. तुर्कस्तानचा पराभव आणि त्यातून आपल्याकडची खिलाफत चळवळ हा सांधा पक्का आहे. जून १९१८ मध्ये मुंबईत आलेली इन्फ्लुएंझाची साथ आणि बंदरातून चाललेली सैन्याची ये-जा, हाही. पण ‘व्हर्सायच्या तहामुळे हिटलर’ हा सांधा फार लांबचा. १९२८ च्या निवडणुकीत नाझींना २.६ टक्के मतं होती आणि जुलै १९३२ मध्ये ३७.३. तह १९१९ चाच होता. मधे १९२९ ची मंदी येते, ती गाळून उत्तर पुरं होत नाही. तहाचं २३१ वं कलमही मुळातून वाचा. त्यात ‘अपराध’ हा शब्दच नाही, नुकसानीची जबाबदारी आहे, आणि तशीच कलमं ऑस्ट्रिया-हंगेरीच्या तहांतही आहेत.

आणि आपल्या घरातला पुरावा सोडू नका. सातारा, रत्नागिरी, पुणे भागातून गेलेले शिपाई १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणींत होते. १९२२ मध्ये हे क्रमांक बदलले, त्यामुळे जुन्या कागदांवर आजची नावं शोधू नका. ट्रंकेत चांदीचं गोल पदक असेल तर ते घासूनपुसून चकचकीत करू नका. खिडकीशी तिरपं धरून त्याची कड भिंगातून वाचा. शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण तिथे ठोकलेली असते, आणि पॉलिशने नेमकी तीच अक्षरं झिजतात.

ही माहिती घेऊन राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या (Commonwealth War Graves Commission, CWGC) संकेतस्थळावर शोधा. आडनावावर भिस्त ठेवू नका, कारण बऱ्याच नोंदींत ते नसतंच, आणि असलं तर स्पेलिंग कारकुनाच्या कानावर अवलंबून. पलटण आणि क्रमांक टाका. बापाचं नाव, गाव, तालुका बहुधा शेऱ्यात सापडतं. फ्रान्समध्ये पडलेल्यांसाठी नव्ह शापेलचं स्मारक बघा, मेसोपोटेमियासाठी (आजचा इराक) बसऱ्याचं.

पलटण १०३, ११० किंवा ११७ निघाली, तर मृत्यूची तारीख २९ एप्रिल १९१६ शी ताडून बघा. त्या दिवशी मेसोपोटेमियातल्या कूट-अल-अमारामध्ये सुमारे १३ हजारांची फौज तुर्कांच्या हाती लागली, आणि तिच्यात या तिन्ही पलटणी होत्या. तारीख त्यानंतरची असेल, तर तो माणूस रणात नव्हे, कैदेत मरण पावला असण्याची शक्यता आधी तपासा.